मीठ पचवणारी झाडं
दिंद्रुड गावाहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मीठ मात्र तेवढं दूर नाही. निचरा नसलेल्या काळ्या रानात कॅनॉलचं पाणी मुरत राहिलं, की वर पांढरा थर फुटतो. ओल असूनही पीक सुकतं, कारण खारं पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. कोकणच्या खाडीत लिटरला 35 ग्रॅमपर्यंत मीठ, तरी तिवराचं झाड हिरवंगार! मुळं बरंचसं मीठ दारातच अडवतात. आत शिरलेलं पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. पान चाटून बघा, खारट लागतं. मोरस ही वनस्पती मात्र मीठ पानांतच साठवते, म्हणून तिच्या भाजीत मीठ जपूनच घालायचं. 2020 साली खाडीतल्या अशा झाडांमधून राज्याचा कांदळवृक्ष ठरली पांढरी चिप्पी. माझं मत तिवरालाच होतं.