न घेतलेल्या पगाराची पाटी

 महाराष्ट्रात गावच्या शाळा-कॉलेजांच्या भिंती वाचत जाव्यात. पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, कपाटावर देणाऱ्याचं नाव, दारात संगमरवरी पाटी आणि तिच्यावर उतरत्या क्रमाने रकमा. एखाद्याने पगारच घेतला नसेल किंवा अर्ध्यावर भागवलं असेल, तर त्याची नोंद मात्र या पाटीवर कुठे करायची हे कुणाला सुचलेलं नाही. आपल्याकडच्या पदवीधरांनी शिक्षणाला दिलेली मोठी देणगी तर बहुतेक याच स्वरूपाची होती.

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी सरकारी नोकरीची वाट सोडून हा संसार मांडला. सोसायटीच्या आजीव सभासदाने उमेदीची वीस वर्षं द्यायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांत घर चालवायचं, असा शिरस्ता पडला. गोखल्यांनी तो पाळला. रँग्लर परांजपे तर याच फर्ग्युसनचे पदवीधर. केंब्रिजला १८९९ मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाल्यावर मोठ्या सरकारी हुद्द्याची दारं त्यांना उघडी होती. जाण्याआधी सोसायटीला शब्द दिला होता, म्हणून ते परत आले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. पगार आजीव सभासदाचाच.

या मंडळींत माझा जीव जास्त रमतो तो अण्णांवर, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांवर. एल्फिन्स्टनचे पदवीधर, १८९१ मध्ये फर्ग्युसनला गणित शिकवायला आले. विधवांसाठी १८९६ मध्ये आश्रम काढला. तो हिंगण्याला गेल्यावर दिवसभर कॉलेजात तास घ्यायचे आणि संध्याकाळी आश्रमाचं सामान घेऊन पायी हिंगणं गाठायचं, हा त्यांचा परिपाठ. वाट कसली, पावसाळ्यात नुसता चिखल. त्या काळी या कामासाठी शिव्या खाव्या लागत, वर्गणी मागायला जाताना तर हमखास. तरी ते मागत राहिले, आधी स्वतःच्या खिशातलं घालून. एकरकमी देणारा तेव्हाही दुर्मीळ होता; दर महिन्याला देणारा त्याहून दुर्मीळ.

अण्णांचं महिला विद्यापीठ १९१६ साली सुरू झालं. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाईंचं नाव लागलं. लागायलाच हवं होतं; पैशाशिवाय इमारती उभ्या राहत नाहीत. अण्णांना त्याची खंत वाटल्याचं दिसत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी प्राथमिक शिक्षणाचं मंडळ काढून ते पुन्हा दारोदार वर्गणी मागत फिरू लागले. भारतरत्न १९५८ मध्ये मिळालं, वयाच्या शंभरीत.

सातारच्या बाजूला हीच गोष्ट उलट्या टोकाने घडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पदवी घेतलेली नव्हती, पण १९१९ मध्ये त्यांनी काढलेल्या रयत शिक्षण संस्थेने खेड्यातल्या पोरांना पदवीपर्यंत नेलं. बोर्डिंगातली चूल पेटती ठेवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ‘कमवा आणि शिका’ म्हणत १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं. कर्मवीरांच्याच छायेत शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, ते वकिलीच्या मागे न लागता रयतच्या कामात शिरले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तरी त्यांची ओळख रयतचा माणूस हीच राहिली.

अशा माणसांचे सत्कार आता माजी विद्यार्थी मेळाव्यांत होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्यात वावगं काही नाही. मात्र ‘त्याग’ हा शब्द त्याच व्यासपीठावरून तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला ऐकवला जातो, तेव्हा खटकतं. परांजप्यांपुढे मोठा पगार होता आणि त्यांनी तो नाकारला. नेट-सेट होऊन तासांवर राबणाऱ्या, विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं थांबलेल्या पदवीधराला नाकारायला काही दिलेलंच नसतं. त्याचं मानधन थकलेलं असतं, आणि ते आधी चुकतं करायला हवं. सत्काराचं मग पाहता येईल.