बंगळुरूच्या बागेतली कुंभारीण

बाल्कनीत नाही तर गच्चीवर चार कुंड्या लावलेल्या बंगळुरूतल्या घरांत खिडकीच्या चौकटीवर, मीटरच्या पेटीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात कधीतरी मातीचा इवलासा गडू दिसतो. बहुतेक घरी तो लगेच खरवडून टाकतात. माशी चावेल, ही भीती. पण हा गडू बांधणारी कुंभारीण, म्हणजे एक गांधीलमाशी, आपल्याच झाडांवरच्या अळ्या वेचून नेत असते आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही.

एकटीचा संसार

आपल्याला धास्ती असते ती पोळे करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांची. त्यांतल्याच रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशके केला. अशा पोळ्यात वसाहत असते, राणी असते आणि पोळ्याला धक्का लागला की राखण करणाऱ्या माश्या धावून येतात.

जगातल्या बहुसंख्य गांधीलमाश्या मात्र एकट्या राहतात. कुंभारणीसारख्या जातींत प्रत्येक मादी स्वतःच घर बांधते, शिकार आणते आणि अंडे घालते. राखायला वसाहतच नसल्याने ती अंगावर येत नाही. हातात दाबली गेली तर डंख मारेल, एवढेच. नराला तर नांगीच नसते.

मडक्याच्या आत

कुंभारीण ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि त्यांचा अरुंद तोंडाचा गडू घडवते. आत छताला बारीक धाग्याने एक अंडे टांगते. मग शिकारीला निघते. अळी सापडली की तिला डंख मारते. त्या विषाने अळी मरत नाही, लुळी पडते, म्हणून ती सडत नाही. अशा काही अळ्या आत भरल्या की मादी तोंड लिंपते आणि दुसऱ्या गडूच्या कामाला लागते. अंड्यातून निघालेले पिल्लू या ताज्या शिदोरीवर वाढते, कोषात जाते आणि शेवटी माती पोखरून नवी माशी बाहेर येते.

आपल्या पूर्वजांनी हे नीट पाहिले होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही माशी आहे, आणि त्याच स्कंधावर एकनाथांनी आपले भागवत लिहिले. कोंडलेला किडा भृंगीचे, म्हणजे याच माशीचे, ध्यान करता करता भृंगीच होतो, असा तो दृष्टांत. अळी आत जाते आणि माशी बाहेर येते, हे निरीक्षण अचूकच होते. मधला घास तेवढा बंद मातीआड राहिला.

शिकारी अनेक, शिकार वेगवेगळी

अशाच एकट्या माश्यांपैकी स्फेक्स जमिनीत बीळ करून नाकतोडे नेते. हिरव्या-निळ्या झळाळीची ॲम्पुलेक्स झुरळाच्या मेंदूत डंख मारते आणि त्याला मिशीला धरून आपल्या बिळात घेऊन जाते. स्कोलिया माती उकरून हुमणीच्या अळ्या शोधते. ऊस किंवा भुईमूग हुमणीने गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची किंमत वेगळी सांगायला नको. सेलिफ्रॉन मात्र आपली मातीची घरे कोळ्यांनी भरते, आणि कोळी तर बागेचे मित्र. तरीही तिची घरे मोडू नयेत असे मला वाटते, कारण एका बागेत दोघांनाही जागा असते.

हेब्बाळची गोष्ट

बंगळुरूच्याच हेब्बाळ भागात राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. 2008 मध्ये तमिळनाडूत कोइमतूरजवळ पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे कर्नाटक, महाराष्ट्रातही पसरला. पपईबरोबर तुती, जास्वंद, वांगी यांवरही तो चढला. अंगावरच्या मेणचट पांढऱ्या आवरणामुळे फवारणी त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हती. 2010 मध्ये या संस्थेने प्वेर्तो रिकोहून ॲसिरोफॅगस पपाये ही मिलिमीटरभरही नसलेली परोपजीवी गांधीलमाशी आणली, वाढवली आणि बागांमध्ये सोडली. तिची मादी ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते, आतली अळी त्याला खाऊन संपवते आणि मागे टणक टरफल उरते. काही महिन्यांतच ठिकठिकाणचा प्रादुर्भाव आटोक्यात आला. भारतातल्या जैविक कीडनियंत्रणाचे हे मोठे यश आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे ट्रायकोकार्डसुद्धा अशाच सूक्ष्म माश्यांचे असते.

घरच्या बागेत

कीटकनाशकाची फवारणी किडीबरोबर या माश्याही मारते, म्हणून थोड्या अळ्या हाताने वेचाव्यात आणि थोड्या कुंभारणीसाठी सोडाव्यात. कोथिंबीर, बडीशेप आणि तुळस फुलू द्यावी, कारण प्रौढ माश्यांचे स्वतःचे पोट मुख्यतः मधुरसावर भरते. सगळ्या अंगणाला सिमेंट न करता बीळ करणाऱ्या माश्यांसाठी उन्हातली थोडी जमीन उघडी ठेवावी. उन्हाळ्यात थोडी माती ओली राहू द्यावी, म्हणजे गडूचा चिखल जवळच मिळतो. गडू पाडायचाच असेल, तर त्याला भोक पडलेले आहे का ते आधी पाहा. भोक नसेल, तर आत अजून कोणीतरी वाढत आहे. माशी उडून जाईपर्यंत तेवढा कोपरा झाडू नका.