व्ह्यूफाइंडरमधून शिरणारा प्रकाश

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळून फोकसिंग स्क्रीनवर आणि तिथून पेंटाप्रिझममधून डोळ्यापर्यंत पोहोचतो. प्रकाशमापक सेन्सर बहुधा याच पेंटाप्रिझमजवळ बसवलेला असतो. त्यामुळे व्ह्यूफाइंडरच्या मागच्या बाजूने उलटा शिरलेला प्रकाशही त्याच्यावर पडू शकतो. डोळा टेकवलेला असताना डोके आणि रबरी कड मिळून हा प्रकाश अडवतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून टायमर किंवा रिमोटने फोटो काढताना मात्र ती वाट उघडी राहते. मग दृश्य आहे त्यापेक्षा उजळ असल्याचे मापन होते आणि स्वयंचलित मोडमध्ये फोटो काळपट येतो.

सूर्य पाठीशी असताना हा दोष वाढतो. सर्वांत जास्त फसगत होते ती गडद एनडी फिल्टर लावल्यावर. दहा स्टॉपचा फिल्टर लेन्समधला प्रकाश सुमारे एक हजारांशावर आणतो. अशा वेळी मागून आलेला थोडासा प्रकाशही मापनावर भारी पडतो.

काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावर व्ह्यूफाइंडर झाकण्यासाठी रबरी झाकण असते. ते बहुतेकांना ठाऊकच नसते. निकॉन डी८५० सारख्या कॅमेऱ्यांत त्यासाठी आतच पडदा असतो. काहीच नसेल तर काळे कापडही चालते. मॅन्युअल मोडमध्ये डोळा लावून एक्स्पोजर आधीच ठरवले, तर ते बदलत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात मापन प्रतिमा-सेन्सरवरच होते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.