गेटवरच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर का दिसत नाही?

मीरा रोड असो वा भाईंदर, सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असतोच. तरी गाडी चोरीला गेली की रात्रीच्या फुटेजमध्ये बऱ्याचदा नंबराच्या जागी नुसता पांढरा पट्टा दिसतो. प्लेट एमएच ०४ ची असो वा नव्या एमएच ५८ ची, तिचा पृष्ठभाग उजेड परत फेकतो आणि कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा झोत नेमका तिच्यावरच पडतो. रात्रीसाठी शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. बाकीचं चित्र काळोखं होईल, होऊ द्या. माणसं टिपायला दुसरा कॅमेरा हवाच.

दुकानदार मेगापिक्सेल सांगेल, तुम्ही लेन्स विचारा. २.८ मिमी लेन्सच्या ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात १० मीटरवरच्या कारची ५० सेंमी रुंद प्लेट जेमतेम ५०-५५ पिक्सेलांत मावते. १२ मिमी लेन्समध्ये तीच दोनशेच्या पुढे जाते. म्हणून फोकल लेंथ बदलता येणारी, व्हेरिफोकल लेन्सच घ्या. स्कूटरची मागची प्लेट तर २० सेंमीचीच. कॅमेऱ्याचा रोख बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पाठीवर, शक्यतो स्पीडब्रेकरपाशी ठेवा. तिरपेपणा ३० अंशांच्या आत हवा. रेकॉर्डरचं घड्याळही अधूनमधून लावून घ्या, कारण पोलिसांना पुढच्या चौकातल्या फुटेजशी वेळ ताडून पाहावी लागते.