दोन कोकरांचा हिशेब

दिवाळी आटोपली, खरिपाची रानं मोकळी झाली, की माण, खटाव, फलटण, बारामती या पट्ट्यातले धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबत हिंडणारी बिऱ्हाडं, बाहेर पडतात. घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारी कोवळी कोकरं, मागे मेंढरांचा कळप. काही वाडे मावळातून घाट उतरून कोकणात जातात, काही नीरा-भीमेच्या खोऱ्यातल्या रानांत मेंढरं बसवत फिरतात. पावसाळा तोंडावर आला की परतीची वाट. या वाटेविषयी, खंडोबा-बिरोबांविषयी, ओव्यांविषयी मराठीत चांगलं लिहिलं गेलं आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने तर आयुष्याचा मोठा भाग त्यात घातला. मेंढीच्या पोटी वर्षाला किती कोकरं येतात आणि त्यांतली किती जगतात, याविषयी मात्र आपण फारसं बोललो नाही. वाड्याचा संसार तर त्याच आकड्यावर चालतो.

पूर्वी मिळकतीच्या तीन वाटा होत्या: लोकर, लेंडीखत आणि कोकरं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी होते, जेनं होतात, तलम कापड होत नाही. गिरणीची स्वस्त ब्लँकेटं गावोगाव पोचली आणि घोंगडीचं गिऱ्हाईक आटलं. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही. शेतात मेंढरं बसवल्याचे पैसे किंवा धान्य अजून मिळतं, पण ते हंगामापुरतं आणि शेतकऱ्याच्या मर्जीवर. उरलं कोकरू. नर कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की बाजारात जातं, आणि त्या पैशांवर औषधपाणी, लग्नकार्य, मुलांच्या शाळा, सगळं भागवायचं. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. जुळं क्वचित.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांच्या सुधारणेचे प्रयत्न आधी झाले नव्हते असं नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मेरिनो, राम्बुये अशा परदेशी जातींशी दख्खनीचा संकर करून तलम लोकर मिळवण्याची धडपड सरकारी प्रक्षेत्रांवर झाली. प्रक्षेत्रावर दाणा आणि सावली मिळते. रोज मैलोगणती चालणाऱ्या, उन्हाळ्यात वाळल्या काडीवर राहणाऱ्या कळपात ते रक्त टिकलं नाही. त्यात ज्या लोकरीसाठी हा खटाटोप, तिचा बाजारच बसला. मेंढपाळाला काय परवडतं आणि काय सोसतं, हे आधी विचारायला हवं होतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली ही संस्था काढली. कापूस आणि करडई ही त्यांची आधीची ओळख. १९९० च्या दशकात त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली शेळ्या-मेंढ्यांचं काम उभं राहिलं. मेंढी आकाराने मोठी करायची तर तिला चाराही जास्त लागणार, आणि चाराच तर मुळात नाही. त्यापेक्षा तीच मेंढी एकाऐवजी दोन कोकरं देईल का, असा विचार त्यांनी केला.

दोन कोकरं देणारी मेंढी भारतात होती, पण कुठे, तर थेट सुंदरबनात. गारोळ नावाची ही बंगाली मेंढी अंगाने एवढीशी. पूर्ण वाढलेली मादी १२ ते १४ किलोंच्या आसपास, म्हणजे दख्खनी मेंढीच्या निम्म्याहूनही कमी. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, सततच्या ओलीतही तिचे खूर चांगले राहतात आणि जुळी-तिळी देणं हा तिचा नेहमीचा क्रम. पोटातल्या कृमींनाही ती सहजासहजी दाद देत नाही. पावसाळ्यात कोठ्याला चिकटून रक्त पिणारा तारेसारखा जंत दख्खनी कळपात किती कोकरं मारतो, हे कुठल्याही धनगराला विचारावं. गारोळच्या लेंडीत त्या जंताची अंडी पुष्कळच कमी सापडतात. फलटणला गारोळ मेंढ्या आणल्या गेल्या त्या या दोन्ही गुणांसाठी.

इथे गोष्ट हजारो कोस लांब जाते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ बुरूला नावाचं एक मेंढीपालन केंद्र होतं. तिथल्या सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या भलतीच पिल्लं देत. मेरिनो ही लोकरीची जात, तिला बहुधा एकच कोकरू होतं. १९५८ साली सीअर्स बंधूंनी पाचांच्या वेतातला एक मेंढा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेला देऊन टाकला. हेलन न्यूटन टर्नर या मोठ्या पशुआनुवंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कळपाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९८० च्या सुमारास निष्कर्ष निघाला की हा अनेक जनुकांचा मिळून झालेला परिणाम नव्हे, एकाच जनुकाचं हे काम असावं. टर्नरबाईंनी जुनी कागदपत्रं धुंडाळली. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला बंगाली मेंढ्या जहाजाने गेल्या होत्या. मेरिनो तिकडे पोचायच्याही आधी. बुरूलाच्या कळपातला हा गुण त्या बंगाली मेंढ्यांकडून आला असावा, असा तर्क त्यांनी मांडला.

२००१ मध्ये फ्रान्स, स्कॉटलंड आणि न्यूझीलंडमधल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते जनुक शोधून काढलं. बीजांडकोशातल्या पेशींवर एक ग्राहक-प्रथिन असतं. त्याच्या लांबलचक साखळीत २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसलं, एवढाच बदल. जनुकातलं एक अक्षर बदललं की हे होतं. परिणाम असा की बीजांडाच्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात, आणि एका माजाला एकाऐवजी दोन, तीन, कधी त्याहून जास्त बीजांडं सुटतात. पुढच्याच वर्षी आठ देशांतल्या मेंढ्यांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात सुंदरबनच्या गारोळमध्ये अगदी हाच बदल निघाला. टर्नरबाई १९९५ मध्येच वारल्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजांविषयीचा त्यांचा तर्क एका रक्तचाचणीने बळकट केला.

फलटणचं काम तेव्हा मध्यावर होतं. ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर इंटरनॅशनल ॲग्रिकल्चरल रिसर्च हे तिथल्या सरकारचं केंद्र १९८२ पासून विकसनशील देशांतल्या शेती, मासेमारी आणि वनांच्या संशोधनाला पैसा आणि माणसं पुरवतं. त्याची एक चांगली रीत अशी की प्रश्न दोन्हीकडचा असावा. जंतांवरची औषधं ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांवर चालेनाशी होत होती, म्हणून कृमींना दाद न देणारी मेंढी त्यांनाही हवी होती. त्यातून १९९८ च्या सुमारास आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि फलटणची संस्था एकत्र आल्या. जनुक सापडण्याआधी कुठल्या मेंढीत तो गुण उतरला आहे हे कळायला एकच खात्रीचा मार्ग होता. पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीने बीजांडकोश पाहायचा आणि किती बीजांडं सुटली त्याच्या खुणा मोजायच्या. नर मेंढ्यात तर हेही शक्य नाही, त्याच्या मुली वयात येईपर्यंत थांबावं लागे. २००१ नंतर पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटाने रक्ताच्या थोड्या थेंबांवरून ते सांगायला सुरुवात केली. कोकरू आठवड्याचं असतानाच त्याच्यात या जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक आहे की एकही नाही, हे कळू लागलं.

गारोळ-दख्खनीचा पहिला संकर मेंढपाळाच्या हाती दिला असता तर त्याने तो दुसऱ्याच दिवशी परत आणून बांधला असता. ती कोकरं लहान, बाजारात किंमत कमी. धनगराला रूप कळतं. जतकडच्या माडग्याळ मेंढ्याची उंची आणि बाकदार नाक पाहून माणसं लाखांचे आकडे बोलतात, ते उगीच नाही. म्हणून संकराच्या पिढीतून फक्त ते जनुक असलेली कोकरं निवडायची, त्यांचा पुन्हा दख्खनीशी संयोग करायचा, पुन्हा निवडायचं. प्रत्येक पिढीला गारोळचं रक्त निम्मं होत जातं आणि जनुक मात्र धरून ठेवलं जातं. अंगलटीसाठी कर्नाटकातली मांसल बन्नूर, पुढे दुधासाठी इस्रायलच्या अवासी मेंढीचं रक्तही थोडं घेतलं. यातून उभ्या राहिलेल्या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनेही गारोळचंच जनुक मालपुरा आणि पाटणवाडी मेंढ्यांत उतरवून ‘अविशान’ तयार केली.

या कामातला सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय मला वाटतो तो प्रमाणाचा. जनुकाच्या दोन प्रती असलेली मेंढी तिळी देऊ शकते, चारही देऊ शकते. कागदावर ते फार छान दिसतं. पण मेंढीला आचळं दोन, दख्खनी मेंढीला दूध बेताचं, आणि तिसरं कोकरू जन्मतःच इतकं हलकं की रोज दहा-बारा किलोमीटर हलणाऱ्या तळावर त्याचं जगणं कठीण. म्हणून कळपातल्या मेंढीला एकच प्रत द्यायची असं ठरलं. मेंढपाळाला दोन प्रतींचा मेंढा दिला आणि त्याच्या साध्या मेंढ्यांवर तो सोडला की होणाऱ्या प्रत्येक मुलीत नेमकी एक प्रत येते, चाचणी न करताही. अशा मुली दर वेताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं देतात. कधी एक, कधी दोन, तिळी थोडीच. चाळीस मेंढ्यांच्या कळपाचा तोंडी हिशेब केला तर चाळीस वेतांना चाळीसच्या जागी साठ कोकरं. जुळ्यांची मर थोडी जास्त, वजन थोडं कमी, ते वजा केलं तरी वरकड राहते. मेंढ्या तेवढ्याच.

वाढलेली कोकरं सांभाळतं कोण, हेही पाहायला हवं. वाड्यात पुरुष मेंढरं घेऊन रानात जातात. तळ उचलणं, पाल ठोकणं, पाणी, भाकरी आणि मागे राहिलेली कोकरं हे सगळं बायकांकडे. जुळं झालं की एकाला आईचं पुरतं, दुसऱ्याला शेळीचं दूध बाटलीने पाजावं लागतं, आईला मूठभर मका-पेंड जास्त घालावी लागते, रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, चिरडू नये म्हणून वेगळं ठेवावं लागतं. पैसे येतात ते कोकरू विकल्यावर आणि बहुतेक पुरुषाच्या हाती. मेंढी-सुधारणेच्या कुठल्याही योजनेने ही बाई पहिल्या पानावर धरली पाहिजे. तिच्याशी बोलल्याशिवाय दुसरं कोकरू जगत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ या जनुकावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. बाईंच्या जन्माला तेव्हा शंभर वर्षं होत होती. फलटणच्या धनगरांच्या कळपातले आकडे जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे मांडले गेले. कृमी-प्रतिकाराचा गुण मात्र एवढ्या सरळपणे उतरला नाही. तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे, एका चाचणीत सापडत नाही, आणि गारोळचं रक्त कमी करत नेलं की तोही कमी होत जातो.

आता खरी अडचण मेंढ्याची आहे. दोन प्रतींचा मेंढा दोन-तीन वर्षं कामाला येतो, मग बदलावा लागतो, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींवर जातो. मेंढपाळाने जुन्या रिवाजाप्रमाणे कळपातलंच एखादं देखणं कोकरू राखलं, तर त्याची आई एका प्रतीची असली तरी त्या जनुकाच्या दोन्ही प्रती त्याच्यात येण्याची शक्यता फार तर निम्मीच. बाहेरून साधा मेंढा आणला, तर पुढच्या पिढीतल्या निम्म्या मेंढ्यांतून जनुक जातं, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी. पंचवीस वर्षांचं काम दहा वर्षांत विरघळू शकतं. परदेशी निधी चार-पाच वर्षांच्या प्रकल्पांनी येतो आणि प्रकल्प संपला की थांबतो. एक खाजगी संस्था राज्यातल्या कळपांना पुरतील एवढे मेंढे पैदा करू शकत नाही.

हे काम सरकारचं आहे, आणि साधनं त्याच्याकडे आहेत. पुण्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, काही जिल्ह्यांत प्रक्षेत्रं आहेत, २०१७ पासून महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा अनुदानावर दिला जातो. त्या एका मेंढ्याचं रक्त तपासून द्यावं, दर तिसऱ्या वर्षी तो बदलून मिळावा, आणि पावसाळ्यापूर्वी वाडे परततात तेव्हा लोणंदसारख्या मेंढरांच्या बाजारात राखायच्या नर कोकरांची चाचणी व्हावी. लागतं ते रक्ताचे थोडे थेंब, कानात नंबरचा बिल्ला आणि नोंद ठेवणारा एक माणूस.