घरच्या हत्यारांचा जीर्णोद्धार

ज्या घरांत थोडेंफार सुतारकाम होत असे, त्या घराच्या माळ्यावर हत्यारांची एखादी जुनी पेटी बहुधा सांपडते. पेटी आजोबांची असते. आणि नातवाच्या काळीं तिच्यांतील रंध्याला गंज चढलेला, पटाशीची धार गेलेली व हातोड्याचा दांडा डगमगता झालेला असतो. मग एखाद्या सकाळीं ती भंगारवाल्याच्या तराजूंत जाते व तिच्या जागीं नवीं हत्यारें येतात. परंतु जी हेळसांड जुन्यांच्या वांट्यास आली, तीच नव्यांच्याहि येते, आणि दोनचार पावसाळ्यांत तींहि त्याच वाटेनें जातात. जुनें हत्यार पुन्हां कामाचें कसें करावें, व तें पूर्वींपेक्षांहि बरें कसें करतां येईल, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय निवडण्याचें कारण आमची स्वतःची एक चूक होय. पुष्कळ वर्षांपूर्वीं हस्तकलेच्या तासाला एक विद्यार्थी फळी रंधीत होता आणि ती पदोपदीं ओरबाडली जात होती. त्याचा हात जड आहे, कामांत लक्ष नाहीं, असें आम्ही त्याला चारचौघांत बोललों. मुलगा खालीं मान घालून उभा राहिला. तास संपल्यावर तीच फळी व तोच रंधा घेऊन आम्ही स्वतः बसलों, तों आमच्या हातूनहि ती तशीच ओरबाडली गेली! पातें काढून पाहिलें, तेव्हां धार बोथट व पाठ गंजानें खडबडीत झालेली दिसली. दोष मुलाच्या हातांत नव्हता. आम्हीं त्याच्या हातीं दिलेल्या हत्यारांत होता. पवित्र शास्त्रांतील उपदेशकाच्या दहाव्या अध्यायांत बोथट लोखंडाचा दृष्टांत आहे. धार न लावतां काम करणाऱ्याला बळ अधिक खर्चावें लागतें, असा त्याचा आशय आहे. तो आम्हीं अनेकदां वाचला होता. त्या दिवशीं तो आम्हांस समजला.

म्हणून उदाहरणादाखल आपण रंधाच घेऊं. हें हत्यार फार प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्यें व्हिसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटांत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगराच्या उत्खननांत रोमन सुतारांचे रंधे सांपडले आहेत. आजच्या लोखंडी रंध्याची ठेवण मुख्यत्वेंकरून अमेरिकेंतील लेनर्ड बेली या कारागिराची आहे. त्याचा व्यवसाय १८६९ सालीं स्टॅन्ली कंपनीनें विकत घेतला. त्यानंतर ही ठेवण फारशी बदलली नाहीं. म्हणूनच पन्नास वर्षांचा जुना रंधाहि नीट केला असतां नव्याच्या बरोबरीनें चालतो.

प्रथम गंज काढावा. गंज म्हणजे लोखंड, प्राणवायु व पाणी यांचा संयोग. अगदीं कोरड्या हवेंत लोखंड सहसा गंजत नाहीं. म्हणून पावसाळा, आणि किनाऱ्यावर खारी हवा, हे हत्यारांचे मोठे वैरी होत. रंध्याचे सर्व भाग सुटे करावे. स्क्रू निघत नसेल तर रॉकेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबावें. रंध्याचें अंग बिडाचें असतें व बीड ठिसूळ असतें, यास्तव त्यावर हातोडा मारूं नये. पातें व लहान भाग सिरक्यांत एक रात्र बुडवून ठेवावे. सिरक्यांतील आम्लानें गंज सुटतो व ब्रशानें निघून येतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें ते धुवावे. कारण आम्लाचा अंश मागें राहिल्यास गंज पुन्हां लागलीच धरतो. शेवटीं कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा.

दुसरें काम तळाचें. रंध्याचा तळ वांकडा असेल तर फळी सपाट होणार कशी? एका जाड कांचेवर एमरीचा कागद पसरावा. रंधा जोडून, पातें आंत ओढून घेऊन, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा माराव्या व तो कागदावर सारख्या दाबानें पुढेंमागें घांसावा. पातें बसवून घांसण्याचें कारण असें कीं, कामाच्या वेळीं त्याच्या ताणानें तळाला जो किंचित् बांक येतो, तोहि त्यामुळें हिशेबांत येतो. जेथील रेघा पुसल्या जातात तो उंचवटा व जेथील राहतात तो खळगा. तोंडाजवळच्या व दोन्ही टोंकांच्या रेघा पुसल्या गेल्या कीं काम भागलें.

तिसरें व सर्वांत महत्त्वाचें काम धारेचें. धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जेथें मिळतात ती रेषा. दोहोंपैकीं एक जरी खडबडीत असला, तरी ती रेषा तुटक होते. पुष्कळ लोक पात्याचा उताराचा भाग तेवढा घांसतात व सपाट पाठ तशीच सोडतात. आमच्या त्या पात्याचीहि हीच दशा होती. म्हणून पाठीचा धारेलगतचा भाग प्रथम आरशासारखा करावा. मग उतार २५ अंशांचा करून अगदीं टोंकाला ३० अंशांची अरुंद पट्टी द्यावी. पुढच्या वेळीं तेवढीच पट्टी पाजवली कीं पुरे होतें. कोन मोजण्याचें साधन नसल्यास त्रिकोणमिति उपयोगी पडते. ३० अंशांची भुजज्या अर्धी असते, म्हणून त्या कोनाच्या उताराची रुंदी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट भरते. २५ अंशांची सुमारें २.४ पट भरते. गणिताचा पाठ सुताराच्या बांकावरहि असा कामीं येतो.

धारेचा दगड आपल्या देशाला नवा नाहीं. कुरुंद आपल्याकडे पूर्वापार वापरांत आहे, आणि इंग्रजीतील ‘कोरंडम’ हें नांव तामिळ ‘कुरुंदम्’ या शब्दावरून गेलें आहे. त्याहून कठीण असा कार्बोरंडम हा कृत्रिम पदार्थ एडवर्ड अ‍ॅचेसन यानें १८९१ मध्यें अमेरिकेंत तयार केला. दगड कोणताहि असो, आधीं जाड व मग बारीक असा क्रम ठेवावा. घांसतां घांसतां पाठीच्या बाजूस एक सूक्ष्म कड उठून बोटाला लागते. ती धारेच्या सबंध रुंदीवर उठली म्हणजे दगडाचें काम झालें. ती कड बारीक दगडावर पाठ टेकवून काढावी व शेवटीं न्हाव्याप्रमाणें चामड्याच्या पट्ट्यावर पातें फिरवावें.

विजेवर फिरणारें चाक वापरणारानें मात्र जपावें. आम्हीं घाईनें एक पटाशी त्यावर धरली, ती तापून निळी पडली व मऊ झाली. साध्या कार्बनी पोलादावर सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला फिकट पिवळा रंग येतो व ३०० च्या सुमारास निळा. निळी पडलेली धार टिकत नाहीं. तेवढा भाग घांसून टाकावा लागतो. म्हणून पातें वारंवार पाण्यांत बुडवावें आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय चाक सुरू करूं नये.

पातें परत बसवितांना त्यावरील दुसरी लोखंडी पट्टी धारेपासून सुमारें एक मिलिमीटर मागें राहील अशी आवळावी. ही पट्टी निघणारी साल लागलीच वांकविते, त्यामुळें लांकूड धारेच्या पुढें फाटत जात नाहीं.

आतां हातोड्याविषयीं. दांडा सैल झाला कीं हातोडा पाण्यांत घालून ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. लांकूड फुगून दांडा घट्ट बसतो खरा. परंतु लोखंडाच्या छिद्रांत कोंडल्यामुळें फुगतांना त्याचे तंतु चेंगरतात, आणि वाळल्यावर तें पूर्वींपेक्षांहि बारीक होतें. अशा रीतीनें उपाय हाच रोग होऊन बसतो. डोकें काढून धामणीचा अगर बाभळीचा, सरळ रेषांचा व नीट वाळलेला दांडा घालावा आणि वरून कठीण लांकडाची पाचर ठोकावी. दांड्याला जवसाचें तेल द्यावें. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवूं नये, त्या आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

दुरुस्तीबरोबर थोडी सुधारणाहि करावी. कानशीच्या उघड्या शेपटाला लांकडी मूठ बसवावी, म्हणजे तळहात फाटण्याचें भय राहत नाहीं. शेगड्याच्या लोखंडी जबड्यांना आंतून लांकडाच्या पट्ट्या लावाव्या, म्हणजे कामावर वण पडत नाहींत. विजेच्या ड्रिलांत ठिणग्या उडूं लागल्या वा तें मधूनच थांबूं लागलें, तर आंतील कोळशाचे दोन ब्रश झिजले आहेत काय हें प्रथम पाहावें; ते थोड्या पैशांत मिळतात. परंतु हें काम वडील माणसांसमक्ष व प्लग काढूनच करावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. माळ्यावरची पेटी विकण्यापूर्वीं एक रविवार दुपार मुलाला किंवा मुलीला घेऊन तिच्याजवळ बसावें. एखादें हत्यार दोघांनीं मिळून नीट केलें, तर दोष कोठें आहे हें शोधण्याची संवय मुलाला लागेल, आणि आजोबांचा हात ज्या मुठीवर फिरला तिच्यावर नातवंडाचाहि फिरेल.

त्या विद्यार्थ्याचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाजविलेला रंधा त्याच्या हातीं दिला आणि ज्या मुलांसमोर त्याला बोललों होतों, त्यांच्याच समोर आमची चूक कबूल केली. त्यानें रंधा फळीवर ठेवून पुढें लोटला. फळीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एकच लांब, पातळ साल कुरळी होऊन बाहेर आली. त्यानें ती उचलून खिशांत ठेवली. तेव्हांपासून वर्गांत कोणाचें काम बिघडलें, तर त्याला बोलण्यापूर्वीं आम्ही त्याचें हत्यार हातीं घेऊन पाहतों.