दिंडीचे बिल्ले

सकाळचे ८. शटर वर जायच्या आधीच दारात दोघं उभे. जून म्हणजे उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले, कॉलेजचे प्रवेशअर्ज. सोनईत शाळा-कॉलेजं असल्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं इथंच येतात. ही कामं दिवसभर चालूच राहणार. त्यातूनच वेळ काढून आज मला दिंडीचे बिल्ले पुरे करायचेत. परवा पहाटे दिंडी पंढरपूरला निघतेय. ज्या नेवाशात पैसाच्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या तालुक्यातली ही माणसं. शंभराच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात एकदा चुकामूक झाली की माणूस सापडेपर्यंत बरोबरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. बिल्ला त्यासाठी.

९ वाजता यादी घेऊन बसते. वहीची पानं, दिंडीचालक महाराजांच्या हातची. पुरुषांची नावं बापाच्या नावासकट पूर्ण. बायकांच्या ओळीत मात्र ‘अमक्याची आई’, ‘थोरल्या वहिनी’, ‘मळ्यातल्या काकू’. असं बिल्ल्यावर छापून भागत नाही. पंढरपुरात हरवलेल्या माणसाचा स्पीकरवरून पुकारा होतो, तो नावाचा होतो. म्हणून गिऱ्हाईक अर्जावर सही करत असतं तेवढ्यात मी एकेकीला फोन लावते.

“रामकृष्णहरी मावशी. बिल्ल्यावर तुमचं नाव काय घालू?”

“माझं नाव कशाला गं बाई? पोराचा नंबर घाल म्हणजे झालं.”

नंबर तर घालायचाच, पण नावही हवं. पुष्कळ जणींचं आधार कार्डावर एक नाव असतं आणि हाकेचं दुसरंच. गर्दीत, घाबरलेल्या अवस्थेत, माणूस कार्डावरच्या नावाला ओ देत नाही. जन्मभर ज्या नावानं हाक ऐकली त्यालाच देतं. म्हणून हाकेचं नाव मोठ्या अक्षरात आणि कागदोपत्रीचं त्याखाली लहान. सगळ्या दिवसातलं वेळ खाणारं काम हेच, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाहेरून छापून आणलेले बिल्ले देखणे असतात, पण एवढे फोन लावायला कोण बसणार?

साडेअकरा. नावं लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये भरून झाली. एका ओळीत एक माणूस. हाकेचं नाव, पूर्ण नाव, गाव, घरचा नंबर, दिंडीतल्या सोबत्याचा नंबर, आजार, असे रकाने. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि रीतसर मिळतो, चोरून घालावा लागत नाही. अक्षरासाठी ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतलाय, मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी घडवलेला, तोही सगळ्यांना मोफत. युनिकोड असल्यामुळे ‘कुऱ्हाडे’, ‘बऱ्हाटे’ ही आडनावं नीट उमटतात आणि फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तरी अक्षरांचा कचरा होत नाही. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या याद्यांचं काय होतं ते दुकानात रोज बघते.

आता आखणी. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच. मी एक पट्टी १८० रुंद आणि ५५ उंच धरते. उंचीत अशा ५ बसतात, बाजूला १५-१५ आणि वर-खाली ११-११ मोकळे राहतात. पट्टीच्या डाव्या अर्ध्यात पुढची बाजू, उजव्या अर्ध्यात मागची. मधोमध घडी घातली की ९० बाय ५५ चा दोन्हीकडून छापलेला बिल्ला तयार. कागद उलटून पाठीमागे छापायला गेलं की डावं-उजवं बदलतं आणि एकाच्या नावामागे दुसऱ्याचा नंबर येतो. इथं तशी चूक होऊन कशी चालेल?

हीच मापं फाईल, न्यू, लेबल्स इथं घालायची, यादी जोडायची, आणि ‘सिंक्रोनाइझ’च्या खुणेवर टिचकी मारायची. मग पहिली पट्टी सजवली की पानावरच्या बाकीच्या आपोआप तशाच होतात. छापताना प्रत्येक पट्टीत यादीतलं पुढचं नाव येऊन बसतं.

दुपारी १ ला भाचा डबा घेऊन आला. तो कॉलेजात आहे. “आत्या, क्यूआर कोड टाक ना, तोही फुकट बनतो.” जेवता जेवता त्यावर बराच वेळ बोलणं झालं. हरवलेली आजी ज्याला भेटेल तो चहावाला असेल, होमगार्ड असेल, नाहीतर दुसऱ्या दिंडीतला म्हातारा, साधा बटणांचा फोन घेतलेला. त्याला नुसता नंबर दिसला पाहिजे, आणि तो मोबाइलच्या बटणांवर असतात तशा इंग्रजी आकड्यांत. भाच्याला ते पटलं. त्यानं एक गोष्ट मात्र चांगली सुचवली: घरचा नंबर मागच्या बाजूला ठेव, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यानं सहज वाचायला नको. पुढे नाव, गाव आणि दिंडी. खाली बारीक अक्षरात ता. नेवासा, जि. अहिल्यानगर. आजार ज्यांनी स्वतःहून सांगितला त्यांचाच, मागे. रक्तगट अंदाजानं सांगतात, म्हणून तो घेतलाच नाही.

२ वाजता वीज गेली. इन्व्हर्टरवर प्रिंटर चालवत नाही, म्हणून पुठ्ठ्याचं काम काढलं. सरत्या लग्नसराईतल्या पत्रिका मी वर्षभर जपून ठेवते. जाड कागद, सोनेरी गणपती, मंगलाष्टकांची वेळ. त्यांचे ८६ बाय ५१ चे तुकडे कापले की घडीच्या आत बरोबर सरकतात आणि बिल्ला ताठ राहतो. गणपती मुद्दाम वगळून कापते. वरची प्लॅस्टिकची पाकिटं मागच्या वर्षीची. वारीहून आल्यावर महाराज ती गोळा करून, धुऊन, पिशवीत भरून परत देतात. फाटलेली तेवढी बाजूला काढली.

पावणेचारला वीज आली. पहिलं पान छापताना ‘फिट टू पेज’ काढून शंभर टक्के ठेवलं. नाहीतर सगळंच थोडं आक्रसतं आणि पुठ्ठा घडीत मावत नाही. पट्टी लावून मोजलं. १८० भरलं. मग सगळी पानं लेझर प्रिंटरवर सोडली. वारी पावसात चालते. शाईच्या प्रिंटरवरचं अक्षर पहिल्या सरीतच ओघळतं. लेझरची पूड तापून कागदाला चिकटलेली असते, पाण्यानं हलत नाही.

साडेपाच वाजता महाराज आले, बरोबर दिंडीतली दोन पोरं. एकानं कापलं, एकानं घड्या घातल्या, महाराजांनी वहीवर खुणा केल्या. मध्येच थांबून म्हणाले, “ताई, हे नाव मी पहिल्यांदाच वाचतोय. इतकी वर्षं दिंडीत आहेत त्या.” गळ्यात दोरी नकोच, असं त्यांचं म्हणणं, मृदंगाचा पट्टा गळ्यात, खांद्याला पताका, त्यात दोरी अडकते. म्हणून सेफ्टी पिना. पुरुषांच्या सदऱ्याला डावीकडे, बायकांच्या खांद्यावर, पदर आणि ब्लाउज दोन्ही धरून. नुसत्या पदराला लावला तर डोक्यावर पदर घेताना बिल्ला मानेमागे जातो.

७ वाजता त्यातल्या एका पोराला शेजारी बसवून कोरा साचा पेनड्राइव्हवर दिला. यादी कशी जोडायची ते त्याच्याच हातानं करून घेतलं. पुढच्या वर्षी त्याला घरच्या कॉम्प्युटरवर जमेल. दोन नावं संध्याकाळी वाढली, ती त्यानंच टाइप केली.

पावणेआठ. यादीची एक प्रत छापून महाराजांच्या हातात दिली. दुसरी दिंडीच्या ट्रकमध्ये राहील, मुक्कामावर हजेरीला. मग दुकानातल्या कॉम्प्युटरवरची फाइल खोडली, रिसायकल बिनमधूनही काढली. शंभर घरांचे नंबर आणि म्हाताऱ्या माणसांचे आजार त्यात होते, आणि या कॉम्प्युटरसमोर दिवसाला कितीतरी माणसं बसतात.